गोष्ट आधी अंकात, मग पुस्तकात

दिवाळीच्या सुमारास वाचनालयाच्या टेबलावर नव्या अंकांची चळत लागते. सराईत वाचक अंक उचलतो आणि मुखपृष्ठ नजरेखालून घालून थेट अनुक्रमणिका उघडतो. ‘कथा’ या मथळ्याखाली कोणाकोणाची नावे आहेत, हे त्याला आधी पाहायचे असते. नाव ओळखीचे निघाले की अंक घरी जातो. चार दिवसांनी परत करताना तो पुढच्या माणसाला सांगतो, ‘त्यातली अमुक कथा सोडू नका.’ मराठीत ‘काय वाचू?’ या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षे असेच मिळत आले आहे. कथा अंकात छापली जाते, लोकांच्या तोंडी होते आणि मग कधीतरी संग्रहात जाते. म्हणून चांगले मराठी कथासंग्रह शोधायचे तर जुन्या मासिकांच्या मागोमाग चालत जावे लागते. ती वाट पुण्यातून सुरू होते.

१८९० साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी त्यात क्रमशः येत होती. कादंबरीचे प्रकरण वाचून पुढच्या अंकाची वाट पाहायची, ही त्या वाचकाची सवय. तिच्या बरोबरीने हरिभाऊंनी एकेकट्या, सुट्या गोष्टीही लिहिल्या. त्यांना नाव पडले ‘स्फुट गोष्टी’. स्फुट म्हणजे सुटे, किरकोळ. कादंबरीच्या शेजारी गोष्टीला धाकटेपणाचीच जागा होती, हे त्या नावातच दिसते. तरी या गोष्टींचे चार भाग पुढे पुस्तकरूपाने आले, आणि त्यांतली ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाने पोळलेल्या गरिबांची कथा आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करते. मराठी कथेशी ओळख करून घेणाऱ्याने पहिले पान इथे उघडावे.

१८९५ च्या जानेवारीत काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांचे ‘मासिक मनोरंजन’ सुरू झाले. त्यांना बंगाली साहित्याचा एवढा लळा की त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली आडनाव घेतले, आणि मराठी वाचक त्यांना काशिनाथ रघुनाथ मित्र म्हणूनच ओळखतो. ‘मनोरंजन’ने एक साधी वाटणारी पण मोठी गोष्ट केली. एकाच अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणारी कथा तिथे ‘संपूर्ण गोष्ट’ म्हणून येऊ लागली. पुढच्या महिन्याची वाट पाहायला नको, हे वाचकाला दिलेले वचनच. वि. सी. गुर्जर यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. बंगाली कथांवरून बेतलेल्या त्यांच्या गोष्टींत गैरसमज, ओळख पटणे, अखेरची उकल असा घाट नेटका असे. १९०९ साली याच मासिकाने दिवाळीचा खास अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून तो मानला जातो. कथेचे वर्ष दिवाळीला सुरू होते, ही मराठी रीत तिथून पुढची.

याच ‘मनोरंजन’मध्ये १९२२ साली ‘अंगणातला पोपट’ ही कथा आली. लेखक दिवाकर कृष्ण केळकर. पुढे ते हैदराबादला वकिली करत राहिले आणि मराठी साहित्यात दिवाकर कृष्ण एवढ्याच नावाने ओळखले गेले. तोवरच्या गोष्टीत ‘मग काय झाले?’ हा प्रश्न महत्त्वाचा होता. दिवाकर कृष्णांनी ‘तिच्या मनात काय चालले होते?’ हे विचारले. ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हा त्यांचा संग्रह १९२७ साली आला. अवघ्या सात कथा, पण मराठी कथा माणसाच्या आत कधी डोकावू लागली, हे ज्याला पाहायचे आहे त्याला हा संग्रह टाळता येत नाही.

त्यानंतरची दोन दशके ‘लघुकथा’ या शब्दाची. ‘रत्नाकर’, ‘किर्लोस्कर’, ‘ज्योत्स्ना’ यांसारखी मासिके वाढली आणि ना. सी. फडके व वि. स. खांडेकर ही दोन नावे घरोघर पोहोचली. फडक्यांनी १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून लेखनाचे तंत्र शिकवले. कथेला सुरुवात, गुंतागुंत आणि कलाटणी हवी, हे होतकरू लेखकांनी जणू पाठच केले. या काळातल्या बऱ्याच कथा आज आखीव वाटतात. पण १९३३ साली आलेला एक संग्रह अजून तसाच धगधगता आहे: ‘कळ्यांचे निःश्वास’.

लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर, आणि त्या कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातली घुसमट त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडली होती. घरच्यांना मुलीचा पगार हवा, पण तिचे स्वतःचे आयुष्य नको, हे उघड बोलायची तेव्हा सोय नव्हती. पुस्तकावरून मोठे काहूर उठले. टोपणनावाआडच्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे बऱ्याच काळाने उघड झाले. आजच्या नोकरदार मुलीच्या हाती हा संग्रह द्यावा. भाषा नव्वद वर्षांपूर्वीची आहे, दुखणे मात्र तिला परके वाटणार नाही. याच दशकात गोव्याचे लक्ष्मणराव सरदेसाई पोर्तुगीज अमलाखालच्या गोमंतकातले जीवन मराठी कथेत आणत होते. पुढे त्यांनी कोकणीतही कथा लिहिल्या, आणि दोन्ही भाषांनी त्यांना आपले मानले.

आता गिरगावात यायला हवे. खटाववाडीत मौज प्रिंटिंग ब्यूरोची जागा, आणि तिथून निघणारे ‘सत्यकथा’. १९३३ साली सुरू झालेले हे मासिक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाने मराठी कथेची कसोटी बनले. इथे कथा पाठवणे म्हणजे परीक्षेला बसण्यासारखे होते. बरीचशी हस्तलिखिते ‘साभार परत’ यायची. पण ज्या लेखनात काही धग दिसे, त्याच्या लेखकाला संपादकांची पत्रे जात: हा परिच्छेद का सैल पडतो, शेवट आधीच कुठे संपला आहे, ही व्यक्तिरेखा लेखकालाच पुरती दिसलेली नाही, अशा तऱ्हेची. लेखक पुन्हा लिहीत, पुन्हा पाठवत. या मेहनतीतून गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांची कथा वाचकांसमोर आली आणि तिला ‘नवकथा’ हे नाव मिळाले. फडक्यांची कलाटणी तिने सोडून दिली. चाळीतला, लोकलमधला, युद्धाच्या आणि टंचाईच्या काळात पिचलेला मध्यमवर्गीय माणूस गाडगिळांच्या ‘मानसचित्रे’ (१९४६) आणि ‘कडू आणि गोड’ (१९४८) या संग्रहांत भेटतो.

नवकथेत एकच पुस्तक सुचवायचे तर माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ (१९४९). काहीजण त्याला व्यक्तिचित्रे म्हणतात, पण कथेचा घाट त्यात पुरेपूर आहे. त्यातला धर्मा रामोशी पाहा. म्हातारा, अंगावर चिंध्या. त्याची दशा पाहून निवेदक त्याला एक जुने धोतर देतो. काही दिवसांनी धर्मा पुन्हा दिसतो तो त्याच चिंध्यांत. दिलेले धोतर गेले कुठे? निवेदकाच्या मनात शंका येते, थोडा रागही. मग कळते की ते धोतर त्याची तरणी मुलगी लुगड्यासारखे नेसली आहे. माडगूळकर यावर एक शब्दही भाष्य करत नाहीत. माणदेशाचे दारिद्र्य सांगायला त्यांना आकडे लागत नाहीत की हळहळ लागत नाही, एक धोतर पुरते.

त्याच खटाववाडीतून धारवाडच्या जी. ए. कुलकर्णी यांची कथा महाराष्ट्रभर गेली. इंग्रजीचा हा प्राध्यापक सभा-संमेलनांपासून कायम दूर राहिला. वाचकाला भेटत राहिली ती त्यांची कथा. ‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२) आणि ‘रक्तचंदन’ (१९६६) या संग्रहांनंतर ‘काजळमाया’ (१९७२) आला. त्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद होताच जीएंनी तो परत केला. जीए पहिल्यांदा वाचणाऱ्याने ‘रमलखुणा’पासून सुरुवात करू नये. त्यात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घ कथा आहेत आणि त्या वाचकाकडून फार मागतात. आधी सुरुवातीचे संग्रह वाचावेत. सीमाभागातल्या वाड्या-गल्ल्या, तिथली हट्टी, हरलेली माणसे आणि कानडी वळणाची मराठी अंगवळणी पडली की मग ‘काजळमाया’, आणि त्यापुढे रूपककथा.

छापील पानाबाहेरही एक रस्ता होता. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे गावोगाव कथाकथन करत हिंडले. व्याख्यानमालेचा मांडव, समोर सतरंज्यांवर बसलेले श्रोते आणि कागदाशिवाय रंगणारी कथा. मिरासदारांच्या ‘व्यंकूची शिकवणी’ला किंवा ‘भुताचा जन्म’ला पोट धरून हसलेले कितीतरी श्रोते त्यानंतर त्यांची पुस्तके शोधत वाचनालयात गेले. शंकर पाटलांचा ‘वळीव’ आजही मोठ्याने वाचून दाखवावा असा संग्रह आहे. वाक्याचा झोक कानाला कळतो.

पण मासिकांच्या अनुक्रमणिकेत न मावणारी माणसेही लिहीत होती. वाटेगावातून मुंबईला आलेले आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेले अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा एकदा वाचली की सुटत नाही. खाणीतले काम बंद पडल्याने बेकार झालेला भीमा रात्री थडगी उकरतो आणि प्रेताबरोबर पुरलेले सोने काढून पोट भरतो. एका रात्री त्याचा हात प्रेताच्या जबड्यात अडकतो. तो सुटतो, पण बोटे गमावून. आणि नेमकी तेव्हाच बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. मोडक्या हाताने तो आता सुरुंगाच्या कामाला निरुपयोगी झालेला असतो. धिप्पाड भीमा लहान मुलासारखा रडतो.

१९६३ साली बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती कळल्यावर मार खातो. तोवरच्या कथेने ज्याच्याकडे दुरून, दयेने पाहिले होते, तो माणूस इथे स्वतः ‘मी’ म्हणून बोलत होता. दलित कथेचा विचार या पुस्तकाला वळसा घालून करता येत नाही. पुढे १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. कोणते लेखन चांगले, हे मोजक्या संपादकांनी का ठरवायचे, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. पण ‘सत्यकथे’ने घडवलेल्या कथाही खऱ्या होत्या, म्हणून आजच्या वाचकाने गाडगीळ आणि बागूल शेजारी शेजारी ठेवावेत. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडले.

त्या काळात नवी कथा वेगळ्याच दारांनीही येत होती. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला बक्षीस मिळाले तेव्हा लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नावाची आद्याक्षरे उलटी केल्यावर उलगडा झाला: जयंत विष्णु नारळीकर. १९७९ साली आलेला त्यांचा ‘यक्षांची देणगी’ शाळकरी वाचकाला कथेची गोडी लावायला उत्तम. कमल देसाईंचा ‘रंग’ हा संग्रह मात्र सावकाश, एकेक कथा थांबून वाचण्याचा. आणि अलीकडचे नाव हवे असेल तर परभणी भागातले पत्रकार आसाराम लोमटे. त्यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातले राजकारण, शेती आणि हतबल माणसे त्यात आहेत, पण माडगूळकरांच्या माणदेशाहून हे गाव निराळे. इथे मोटारसायकल आहे, पुढारी आहे, कर्ज आहे.

हे सगळे संग्रह वाचून झाल्यावरही एक आनंद उरतोच. जुन्या वाचनालयात बांधीव खंडांत लावलेला एखादा अंक उघडावा. संग्रहात कथा एकटी असते, इथे ती तिच्या गावात असते. शेजारी साबणाची जाहिरात, वर चित्रकाराने काढलेले नायिकेचे रेखाचित्र, आणि कथा ऐन रंगात आलेली असताना पानाच्या तळाशी सूचना, की पुढचा मजकूर मागच्या पानावर पाहा. वाचक बोट तिथेच ठेवतो आणि अंकाची शेवटची पाने चाळू लागतो.