वजरी

आमच्या न्हाणीत तीन वस्तू कायम असायच्या. तांब्याचं घंगाळ, शिकेकाईची वाटी आणि कोनाड्यातली वजरी. आमची वजरी काळ्या, भोकाभोकांच्या दगडाची. कुंभारआळीत मात्र भाजक्या मातीची असायची, एका अंगाला आडव्या-उभ्या रेघा पाडलेली. दोन्हींचं काम एकच, पायाची राठ कातडी घासून हलकी करायची.

आमचं गाव तेरणेच्या काठचं, तेरपासून चालत जाण्याजोगं. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी पुस्तकात त्याचं नाव आहे. तगरचं कापड गाड्यांवर लादून थेट भडोच बंदराला जाई. त्या गाड्यांबरोबर किती पाय दगडधोंड्यांतून चालले असतील! त्या सातवाहनकाळच्या दख्खनेतल्या वस्त्या खणताना मण्यांबरोबर, खापरांबरोबर भाजक्या मातीच्या घासण्याही सापडल्या आहेत. एका संग्रहालयात काचेआड तशी घासणी पाहिली आणि मी जागीच थांबलो. कुंभारआळीतलीच वजरी ती. दोन हजार वर्षांत रेघासुद्धा बदलल्या नव्हत्या.

काळ्या दगडाची वजरी त्याहून कितीतरी म्हातारी. साडेसहा कोटी वर्षांमागं दख्खनेत लाव्हा पसरला, त्यातले वायू बुडबुडे धरून अडकले आणि दगड सच्छिद्र झाला. आज्जीला यातलं काही ठाऊक नव्हतं. नदीत हिंडून, अंगठा फिरवून ती दगड निवडायची. “लई धारंचा नगं,” म्हणायची, “त्यो सोलतुया. घासणारा पायजे.”

पायाच्या दुखण्याचं शास्त्रही आपल्याकडं जुनं आहे. सुश्रुतसंहितेत भेगाळलेल्या पायांना ‘पाददारी’ म्हटलंय, तर काटा-खडा लागून होणाऱ्या कुरपाला ‘कदर’. भेगांवरच्या लेपात मेण, राळ आणि तूप आहे. आज्जी अक्षरशत्रू होती, पण थंडीत तीही मेण न् राळ करडीच्या तेलात कढवून मलम करायची. ते तिला तिच्या सासूनं शिकवलेलं.

आज्जीची रीत ठरलेली. सांजच्याला शेतातून आलं की कोमट पाण्यात पाय सोडून बसायचं, चुलीवरची भाजी शिजेपर्यंत. कातडी फुगून मऊ झाली की वजरी हलक्या हातानं फिरवायची. जरा घासायचं, पाणी टाकायचं, बोट फिरवून बघायचं. खालची गुलाबी कातडी दिसायच्या आत थांबायचं. मग पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करायच्या आणि टाचेला तेल लावायचं. बेचक्यात मात्र तेल नाही, तिथं ओल राहिली की चिखल्या होतात. मी घाई करायला लागलो की ती हात धरायची. “आरं, एका दिसात न्हाई आली, एका दिसात जायची न्हाई. ती पायाची वहाण हाय. थोडी ऱ्हाऊ दे.”

ती बोलली ते खरंच आहे. घट्टा म्हणजे मळ नव्हे. जिथं दाब पडतो, घर्षण होतं, तिथं शरीर कातडी जाड करून आतलं मांस राखतं. म्हणून नुसतं घासून भागत नाही. चावणारी वहाण बदलली नाही, तर घट्टा पुन्हा येतोच.

हे सगळं माहीत असून आमच्या घरात एक बोट गेलं. माझे धाकटे चुलते, तात्या, तालुक्याला नोकरीला होते. बूट घालायचे. करंगळीच्या बुडाशी घट्टा झाला होता. वजरीला वेळ लागतो म्हणून त्यांनी एका रविवारी दाढीचं पातं घेतलं. साखरेचा आजार अंगात मुरला होता आणि पायाची जाण गेली होती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कापलं ते कळलंच नाही. धोतराच्या काठाला रक्त लागलं, तेव्हा काकूनं पाहिलं. हळद दाबली, चिंधी बांधली. नवव्या दिवशी वास यायला लागला. दवाखान्यात करंगळी काढावी लागली. आज्जी खाटेशी बसून एवढंच म्हणाली, “दगूड कोनाड्यातच व्हता की रं.”

तेव्हापासून आमच्या घरात नेम आहे. पायाला पातं, कात्री लावायची नाही. साखर असलेल्यानं, पाय बधिर असलेल्यानं वजरीसुद्धा धरायची नाही, कुरपावरच्या औषधी पट्ट्याही लावायच्या नाहीत. त्यातलं आम्ल चांगली कातडीही खातं आणि बधिर पायाला ते समजत नाही. अशांचा घट्टा डॉक्टरांनीच काढायचा. तात्या पुढं रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून पाय बघायचे, पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवायचे.

आता न्हाणीच्या जागी फरशीचं बाथरूम आहे. घंगाळ मोडीत गेलं. वजरी मात्र मी आणली. कडा झिजून ती साबणाच्या वडीएवढी झालीय. शनिवारी संध्याकाळी नातू विचारतो, “आजोबा, मशीन मिळतं की बाजारात, दोन मिनिटांत होतं.” मी पाण्यात पाय सोडून त्याला जवळ बसवतो. तात्यांची गोष्ट सांगून होईस्तोवर कातडी मऊ झालेली असते.