स्टिअरिंग वळवताना आवाज येतो तेव्हा

उदगीरहून लातूर सुमारे ६५ किलोमीटर. स्टिअरिंग वळवताना गाडीखालून आवाज येऊ लागला की गाडी एवढ्या अंतरावरील सर्व्हिस सेंटरपर्यंत चालवत न्यावी की जागेवर उभी ठेवून मिस्त्रीला बोलवावे, असा प्रश्न वाहनमालकापुढे उभा राहतो. आवाज किती मोठा आहे, यावरून त्याचे उत्तर मिळत नाही. कर्कश ओरडणारा सैल पट्टा एक वेळ गॅरेजपर्यंत साथ देतो. पण खड्ड्यात नुसतेच ‘टक्’ करणारा झिजलेला बॉल जॉइंट निखळला, तर चाक आडवे होऊन गाडी हाताबाहेर जाते. आवाज नेमका कधी येतो, हे मालकाला सांगता आले तर निदानाचे निम्मे काम तिथेच होते. ‘गाडी आवाज करते’ एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाचे नको ते भाग बदलले जातात.

या भागातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचे रस्ते त्यामुळे खचतात, कडा तुटतात. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात बारीक धूळ गाडीच्या खालच्या सांध्यांत शिरण्यास टपलेलीच असते. त्यांच्यापासून सांध्याचे रक्षण करते ती केवळ एक रबरी टोपी. गॅरेजच्या भाषेत तिला ‘बूट’ म्हणतात.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत या बुटाचे महत्त्व सर्वाधिक. इंजिनाची शक्ती वळलेल्या चाकापर्यंत पोहोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटमध्ये पोलादी गोळ्या आणि ग्रीस असते. बूट फाटला की ग्रीस बाहेर फेकले जाते, चिखल आत जातो आणि काही काळाने वळताना ‘कट् कट् कट्’ असा वेगासोबत वाढणारा आवाज सुरू होतो. परीक्षा सोपी आहे. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळवून गाडी हळूहळू गोल फिरवावी. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. डावीकडे वळताना आवाज आला तर दोष बहुधा उजव्या, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या चाकाचा असतो. चाकाच्या आतल्या बाजूस ग्रीसचे शिंतोडे दिसले तर शंका उरत नाही. आवाज सुरू होण्यापूर्वीच फाटका बूट सापडला, तर जॉइंट धुऊन, नवे ग्रीस भरून बूट बदलल्याने काम भागू शकते. आवाज सुरू झाल्यावर मात्र बहुधा जॉइंट किंवा पूर्ण ॲक्सलच बदलावा लागतो. खर्चात मोठा फरक पडतो तो इथेच. सुमोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांत हा जॉइंट नसतो. तिथे आवाजाचे कारण अन्यत्र शोधावे.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर घुरघुर किंवा कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर आधी पॉवर स्टिअरिंगचा प्रकार पाहावा. जुन्या स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत ते तेलाच्या दाबावर चालते. तेल कमी झाले किंवा त्यात हवा शिरून फेस आला, की पंप ओरडतो. टाकीतील पातळी पाहावी आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. घाईत कोणी ब्रेक ऑइल ओतले तर सील फुगून खराब होतात. पातळी पुन्हा उतरली तर गळती आहे, हे नक्की. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर येणारी सूं सूं मात्र दोष नव्हे. फक्त ते तसे धरून ठेवू नये. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत पॉवर स्टिअरिंग विजेच्या मोटारीवर चालते. तिथे तेलाचा प्रश्नच नाही, हलकी गुणगुण स्वाभाविक असते. अशा गाडीचे ‘स्टिअरिंग ऑइल’ बदलल्याचे बिल हाती पडले, तर टाकी कुठे आहे ते दाखवायला सांगावे!

उभ्या गाडीत ‘टंग’ किंवा करकर ऐकू आली, तर शॉकॲबसॉर्बरच्या वरच्या माउंटिंगचे बेअरिंग तपासावे. ते अडकले की स्प्रिंग चाकासोबत न फिरता पिळली जाते आणि मग झटक्याने सुटते.

खड्ड्यांतून वळताना येणारी ठकठक सर्वांत गांभीर्याने घ्यावी. ती स्टॅबिलायझर लिंकची असेल तर फारसा धोका नाही; टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंटची असेल तर गाडी लांब नेऊ नये. सपाट जागी हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचलावे. दोन्ही हातांनी चाक डावी-उजवीकडे धरून हलवल्यास टाय रॉडचा ढिलेपणा हाताला लागतो, वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंटचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. टाय रॉड एंड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावेच लागते, नाही तर नवे टायर एका कडेने झिजतात.

वॉशिंग सेंटरवर गाडीखाली डिझेल किंवा जुने ऑइल फवारण्याची प्रथा अजून अनेक ठिकाणी आहे. करकर दोन दिवस थांबते, मालकही खूश होतो. पण त्या तेलाने रबरी बूट आणि बुश फुगतात, मऊ पडतात. शिवाय त्यावर धूळ चिकटते ती वेगळीच.

आवाज गाडीखालून न येता थेट स्टिअरिंग व्हीलमधून, कागद घासल्यासारखा येत असेल, तर तो आतील गुंडाळलेल्या पट्टीसारख्या तारेचा असू शकतो. एअरबॅग आणि हॉर्नची जोडणी तिच्यातून जाते. हॉर्न वाजेनासा झाला किंवा एअरबॅगचा दिवा पेटून राहिला, तर हा संशय बळावतो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक गाडीच्या स्टिअरिंगमध्ये स्फोटाने उघडणारी पिशवी आहे. ते घरी खोलू नये. माहीतगार मिस्त्रीही आधी बॅटरीची जोडणी काढून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबतो, मगच स्क्रू सोडवतो.