भूल आणि बधिरता : पायाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेचा इतिहास

मागच्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. त्या संध्याकाळी पाय चादरीखाली होता, पण माझा वाटत नव्हता. शुद्ध पूर्ण होती, चहाही घेतला. दुखणं मात्र नव्हतं. मांडीत मज्जातंतूजवळ इंजेक्शन दिलं होतं, त्याला डॉक्टर 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतात. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला प्रश्न पडणारच : दुखणं गेलं कुठे?

आपल्या भाषेत इथे दोन शब्द आहेत. 'भूल' म्हणजे जाणीवच काही काळ हरपणं. 'बधिर' होणं म्हणजे एखादा अवयव तेवढा मुका होणं. जाणणारा जागाच असतो. बोलताना आपण दोन्हींना भूलच म्हणतो. पण पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत यायला वैद्यकाला बरीच वाट चालावी लागली.

आपलं लासूर निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. प्रमुख होते एडवर्ड लॉरी. सहाव्या निजामांचा, महबूब अली खानांचा पाठिंबा होता. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हा वाद होता. आयोगाने श्वासाच्या बाजूने कौल दिला. पुढे हृदयाचा धोकाही खरा ठरला. रूपाबाई फर्दुनजी तिथेच क्लोरोफॉर्म देत. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. पण या वाटेवर एक अट होती : वेदना घालवायची तर माणसाला झोपवा. जाग आली की वेदना उशाशी बसलेलीच!

दुसरी वाट १८८४ साली व्हिएन्नात सापडली. कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर केला. लगेचच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी कोकेन थेट मज्जातंतूजवळ टोचलं. नर्व्ह ब्लॉकची सुरुवात ती. पण स्वतःवर प्रयोग करता करता त्यांना कोकेनचं व्यसन जडलं, आणि त्यावर उपाय म्हणून आलेलं मॉर्फिन पुढे सुटलंच नाही.

आता पायाकडे येऊ. १६ ऑगस्ट १८९८, जर्मनीतलं कील शहर. ऑगस्ट बिअर यांनी एका मजुराच्या कण्यात कोकेन देऊन त्याच्या घोट्याची शस्त्रक्रिया केली. आठ दिवसांनी त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी तेच स्वतःवर करवून घेतलं. बिअरनी त्यांच्या नडगीवर हातोडी मारली. त्यांना दुखलं नाही. नंतर मात्र दोघेही डोकेदुखीने बेजार झाले.

कोकेन विषारी, म्हणून पर्याय शोधले गेले. १९०५ साली नोव्होकेन वापरात आलं, १९४३ मध्ये स्वीडनच्या लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन बनवलं, १९५७ मध्ये तिथेच ब्युपिव्हाकेन तयार झालं. याचा असर तासन्‌तास टिकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीचाही विचार करता येऊ लागला.

ही औषधं मज्जातंतूत सोडियम शिरण्याची दारं बंद करतात, त्यामुळे संदेश पुढे सरकत नाही. जखम जागेवर असते, खबर पोहोचत नाही. न्यायदर्शन दुःखाला शरीराचा नव्हे, आत्म्याचा गुण मानतं. हे मी वर्गात अनेकदा सांगितलं. पटलं त्या रात्री.

आणि त्याच रात्री आई आठवली. तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रियेनंतर तीन रात्री ती दाताखाली पदर धरून पडून होती. मी म्हणालो, "सोसायला हवं, आई." त्याच आठवड्यात मी वर्गात स्टोइक शिकवत होतो! सोसणं हा गुण असेल, पण तो ज्याचा त्याने निवडायचा असतो. दुसऱ्याच्या दुखण्यावर तो लादायचा नसतो. एवढं कळायला मला स्वतःचा गुडघा लागला.

म्हणून घरात कुणाच्या पायाची शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच विचारा : नंतरच्या दुखण्याचं काय? ब्लॉक चालू असताना पायात जोर नसतो, आधाराशिवाय उठू देऊ नका. तो उतरला की दुखणं एकदम उसळू शकतं. गोळ्या त्याआधी कधी सुरू करायच्या, तेही विचारून ठेवा. आणि म्हातारं माणूस "काही नाही, ठीक आहे" म्हणालं, तर पुन्हा एकदा विचारा. मी माझ्या आईला विचारलं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.