ब्रिटनमध्ये बेकारी भत्ता घेतलाच नाही, मग ‘त्या काळात नोकरी नव्हती’ हे कंपनीला कसं दाखवायचं?

ब्रिटनमध्ये नोकरी पक्की झाली की अनेक ठिकाणी आधी पार्श्वभूमी तपासणी होते. फॉर्ममध्ये मागच्या काही वर्षांचा हिशेब मागतात. मध्ये सहा-आठ महिने नोकरी नसेल तर हमखास एक प्रश्न येतो: ‘या काळात बेरोजगार होता याचा पुरावा द्या. उदाहरणार्थ, जॉबसेंटरचं पत्र.’

ज्यांनी सरकारी भत्ता घेतला, त्यांच्याकडे असं पत्र असतं. पण ज्यांनी घेतलाच नाही, त्यांनी काय करायचं?

तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांमध्ये हा प्रश्न बराच येतो. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वर्क व्हिसावर सोबत गेलेल्यांना आणि शिक्षणानंतर ग्रॅज्युएट व्हिसावर राहिलेल्यांना काम करायला परवानगी असते, पण त्यांच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ ही अट असते. म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिटसारखी सरकारी मदत घेता येत नाही. ब्रिटिश नागरिकांमध्येही असे लोक पुष्कळ आहेत. १६,००० पौंडांपेक्षा जास्त बचत असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. जोडीदाराचा पगार पुरेसा असेल तरी मिळत नाही.

कंपनीला नेमकं काय हवं असतं?

‘काम केलं नाही’ हे शंभर टक्के सिद्ध करणारा कागद जगात कुठेच मिळत नाही. तपासणाऱ्यालाही ते माहीत असतं. त्याला दोन गोष्टी पाहायच्या असतात: त्या काळात तुम्ही कुठे होता, आणि तुम्ही सांगता ते दुसऱ्या कुठल्या तरी नोंदीशी किंवा माणसाच्या सांगण्याशी जुळतं का. म्हणून एकच मोठा पुरावा शोधत बसू नका. तीन-चार छोटे पुरावे एकत्र द्या.

किती मागे जायचं हे क्षेत्रावर ठरतं.

- सिक्युरिटी गार्ड, सीसीटीव्ही, रोकड वाहतूक: इथे ‘बीएस ७८५८’ हे मानक वापरतात. ५ वर्षांचा इतिहास लागतो आणि ३१ दिवसांपेक्षा मोठा खंड पडताळावा लागतो.
- विमानतळ: किमान ५ वर्षांची नोकरी, शिक्षण आणि मधले खंड.
- सरकारी खाती आणि त्यांचे कंत्राटदार: ‘बीपीएसएस’ तपासणीत ३ वर्षांचा नोकरीचा इतिहास.
- केअर होम आणि आरोग्यसेवा: इंग्लंडमध्ये नियमानुसार पूर्ण नोकरीचा इतिहास आणि प्रत्येक खंडाचं लेखी स्पष्टीकरण लागतं.

‘डीबीएस’ तपासणी वेगळी. ती गुन्ह्यांच्या नोंदीची असते, नोकरीतल्या खंडाशी तिचा संबंध नाही.

पुरावा १: कर खात्याची नोंद

सगळ्यात उपयोगी कागद हाच. ‘एचएमआरसी’ म्हणजे ब्रिटनचं कर खातं. त्यांच्या वेबसाइटवरच्या पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये किंवा अॅपमध्ये मागच्या ५ वर्षांचा नोकरीचा इतिहास मोफत मिळतो. कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता, हे त्यात दिसतं. ज्या महिन्यांत कुठल्याच कंपनीचं नाव नाही, तो तुमचा खंड.

त्यासोबत आधीच्या कंपनीचा ‘पी४५’ जोडा. नोकरी सोडताना मिळणाऱ्या या कागदावर शेवटची तारीख असते. म्हणजे खंड कधी सुरू झाला हे पी४५ सांगतो आणि पुढे पगार आला नाही हे कर खात्याची नोंद सांगते.

या नोंदीला एक मर्यादा आहे. तिच्यात पगारी नोकऱ्याच दिसतात. त्या काळात तुम्ही फ्रीलान्स काम केलं असेल तर तो काळ ‘बेरोजगार’ नाही, ‘स्वयंरोजगार’ आहे. तो तसाच लिहा आणि सेल्फ असेसमेंटचे कागद द्या.

पुरावा २: बँक स्टेटमेंट

खंडाच्या महिन्यांचं स्टेटमेंट दिलं की पगार जमा होत नव्हता आणि खर्च बचतीतून किंवा जोडीदाराच्या पैशातून चालला होता, हे दिसतं. पण स्टेटमेंटमध्ये तुमचं सगळं आयुष्य असतं: औषधं, देणग्या, कुणाला पाठवलेले पैसे. ब्रिटनच्या डेटा संरक्षण कायद्यानुसार कंपनीने गरजेपुरतीच माहिती घ्यायला हवी. म्हणून आधी विचारा: कोणत्या महिन्यांची पानं हवीत? खर्चाच्या ओळी झाकून दिल्या तर चालतील का? विचारण्यात काही गैर नाही. मात्र न विचारता पानं काळी करून पाठवू नका, संशय वाढतो.

पुरावा ३: ओळखणारा माणूस

अनेक तपासण्यांमध्ये हाच पुरावा निर्णायक ठरतो. त्या काळात तुम्हाला प्रत्यक्ष ओळखणारी आणि लेखी सांगू शकणारी व्यक्ती हवी. नातेवाईक किंवा एकाच घरात राहणारे सहसा चालत नाहीत. मुलांच्या शाळेतले शिक्षक, अकाउंटंट, वकील, जिथे स्वयंसेवा केली त्या संस्थेचा व्यवस्थापक, मराठी मंडळाचा पदाधिकारी असे लोक चालू शकतात. त्यांना आधी फोन करून तारखा नीट सांगा. ‘ओळखतो’ एवढं पुरत नाही, ‘अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत ओळखतो आणि त्या काळात ही व्यक्ती नोकरीत नव्हती’ असं हवं.

पुरावा ४: त्या काळातल्या इतर खुणा

नोकरीच्या अर्जांचे ईमेल, मुलाखतीची आमंत्रणं, कोर्सचं प्रमाणपत्र, कौन्सिल टॅक्सचं बिल, भाडेकरार. एकेकटा कागद दुबळा असतो, पण तारखा जुळल्या की चित्र उभं राहतं.

खंड भारतात गेला असेल तर?

पासपोर्टवरचे भारतात आल्या-गेल्याचे शिक्के आणि विमानाची तिकिटं द्या. त्याआधी भारतात नोकरी असेल तर रिलीव्हिंग लेटर आणि पीएफची सर्व्हिस हिस्ट्री जोडा. ती डाउनलोड करण्याआधी नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का ते पाहा. अनेकांची ती जागा रिकामी असते आणि मग जुनी नोकरी अजून चालूच आहे असं वाटतं. कंपनीने तारीख भरली नसेल तर शेवटच्या पीएफ जमेनंतर दोन महिन्यांनी तुम्ही ती स्वतः भरू शकता.

तरीही मान्य झालं नाही तर?

मग ‘स्टॅट्यूटरी डिक्लरेशन’ म्हणजे शपथेवरचं निवेदन करता येतं. आपल्याकडच्या प्रतिज्ञापत्रासारखंच. वकिलासमोर सही करायची. त्याची ठरलेली फी ५ पौंड, आणि सोबत जोडलेल्या प्रत्येक कागदाचे २ पौंड. मजकूर वकिलाकडून लिहून घेतला तर खर्च वाढतो. सगळ्याच कंपन्या हे मान्य करत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्या. त्यात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे.

कंपनीला काय लिहायचं?

कागदांसोबत चार ओळींचं पत्र द्या. मजकूर साधारण असा:

‘१४ जून ते ३ फेब्रुवारी या काळात मी नोकरीत नव्हते. माझ्या व्हिसाच्या अटीमुळे मी सरकारी मदत घेऊ शकत नव्हते, त्यामुळे जॉबसेंटरचं पत्र उपलब्ध नाही. घरखर्च पतीच्या पगारातून चालत होता. सोबत एचएमआरसीची नोंद, पी४५ आणि या काळात मला ओळखणाऱ्या व्यक्तीचा संपर्क जोडला आहे. आणखी काही हवं असल्यास कळवावं.’

एवढं पुरे. खंड का पडला याची लांबलचक कहाणी, आजारपणाचे किंवा घरातल्या अडचणींचे तपशील स्वतःहून देऊ नका.

या दोन चुका महागात पडतात

तारखा ताणणं. जुनी नोकरी दोन महिने पुढे आणि नवी दोन महिने मागे ओढली की खंड झाकला जातो असं वाटतं. पण कर खात्याच्या नोंदीत खऱ्या तारखा असतात. खंडामुळे नोकरी क्वचितच जाते, खोट्या तारखेमुळे रुजू झाल्यावरही जाऊ शकते. शिवाय २००६ च्या फ्रॉड अॅक्टखाली तो गुन्हाही ठरू शकतो.

पत्रासाठी भत्त्याचा अर्ज करणं. व्हिसावर वरची अट असताना युनिव्हर्सल क्रेडिट घेतलं तर व्हिसाच्या अटीचा भंग होतो. एका कागदापायी पुढचा व्हिसा धोक्यात घालू नका. आधी भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळणारा ‘न्यू स्टाइल’ जॉबसीकर्स अलाउन्स या अटीत मोडत नाही. पण त्यासाठी आधीच्या दोन-तीन वर्षांत पुरेसा नॅशनल इन्शुरन्स भरलेला असावा लागतो, त्यामुळे नव्याने आलेल्यांना तो बहुधा मिळत नाही.

रुजू होताना आणखी एक फॉर्म

पी४५ नसेल तर नवी कंपनी ‘स्टार्टर चेकलिस्ट’ भरून घेते. ६ एप्रिलपासून, म्हणजे चालू करवर्षात, दुसरी नोकरी होती का आणि करपात्र भत्ता मिळाला का, असं त्यात विचारतात. हा बेरोजगारीचा पुरावा नाही, पण त्यावरून तुमचा टॅक्स कोड ठरतो. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल आणि पेन्शनही मिळत नसेल, तर सहसा १२,५७० पौंडांची पूर्ण करमुक्त मर्यादा लागू होते. घाईत चुकीची खूण केली तर पहिल्याच पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो.

सध्या नोकरी नसेल तर यातलं एक काम आजच करून ठेवा: पर्सनल टॅक्स अकाउंट उघडा आणि जुन्या नोकऱ्यांच्या तारखा बरोबर आहेत का तपासा. ऑफर आल्यावर तपासणीला मोजके दिवस मिळतात, आणि चुकलेली तारीख दुरुस्त व्हायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो.