स्टाउट, स्टर्डी, ओबीस: देहाचे माप सांगणाऱ्या इंग्रजी शब्दांचा इतिहास

आयर्लंडमध्ये राहणाऱ्याला 'स्टाउट' हा शब्द टाळता येत नाही. पंचशीलातील पाचवे शील निष्ठेने पाळणाऱ्यालाही तो रस्तोरस्तीच्या पाट्यांवर वाचावाच लागतो. आर्थर गिनेस याने डब्लिनच्या सेंट जेम्सेस गेट येथील जागा 1759 साली वार्षिक 45 पौंड भाड्याने 9000 वर्षांसाठी घेतली आणि पुढे त्या काळ्या पेयाने हा शब्द जगभर नेला. मात्र याच शब्दाने इंग्रजीत जाडजूड माणसाचेही वर्णन केले जाते. पेय आणि देह या दोहोंना एकच विशेषण का लागावे?

उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे. जुन्या फ्रेंचमधून मध्ययुगात इंग्रजीत आलेल्या 'स्टाउट'चा मूळ अर्थ गर्विष्ठ, धाडसी असा होता. पुढे तो शूर आणि मग बळकट या अर्थाने रूढ झाला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कडक बिअरला 'स्टाउट' म्हणू लागले, ते या बळकटपणामुळेच. 'फॅट' हा शब्द उघड वाटतो म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून स्थूल माणसासाठी 'स्टाउट' हा सभ्य पर्याय रुळला. म्हणजे शौर्य सांगणारा शब्द अखेरीस कंबरेचा घेर सांगू लागला.

हे उदाहरण एकटे नाही. 'स्लिम' हा शब्द डच भाषेतून आला. तिथे त्याचा जुना अर्थ वाकडा, वाईट असा होता आणि आज डचमध्ये 'स्लिम' म्हणजे हुशार. 'स्लाइट' म्हणजे मुळात गुळगुळीत, सपाट. मग किरकोळ, मग सडपातळ. आणि नाम म्हणून तो आज उपेक्षेचा, अपमानाचा वाचक आहे. 'टॉल' म्हणजे आज उंच, पण एके काळी चपळ, देखणा आणि शूर. 'बक्सम' या शब्दाचा प्रवास तर बोलका आहे. त्याचा मूळ अर्थ वाकणारी, म्हणजे आज्ञाधारक असा असून मध्ययुगीन इंग्लंडमध्ये विवाहाच्या शपथेत वधू तसे राहण्याचे वचन देत असे. पुढे तो आनंदी, मग निरोगी आणि शेवटी भरल्या अंगाची या अर्थाला आला. पुरुषाच्या देहाला शौर्याचा शब्द मिळाला आणि स्त्रीच्या देहाला आज्ञापालनाचा, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. देहाचे माप सांगणारे शब्द क्वचितच नुसते माप सांगतात. मापासोबत ते निवाडाही देतात.

हा निवाडा किती जीवघेणा ठरू शकतो, हे आयर्लंडच्या इतिहासात दिसते. 'स्टर्डी' हा शब्द आज मजबूत बांध्यासाठी वापरला जातो. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ बधिर झालेला, बेभान असा होता आणि इंग्रजीत तो आधी उग्र, उद्धट या अर्थाने आला. सोळाव्या शतकातील इंग्रजी कायद्यांनी धडधाकट भिकाऱ्यांना 'स्टर्डी बेगर्स' ठरवून त्यांना फटक्यांची शिक्षा दिली. अंगात बळ असणे हाच गरिबाचा गुन्हा झाला. पुढे 'एबल-बॉडीड' हा कायद्यातील कोरडा शब्द त्याच विचाराचा वारसदार ठरला.

1838 साली आयर्लंडला स्वतंत्र गरीब-कायदा मिळाला. 1845 पासून बटाट्याचे पीक कुजू लागले आणि महादुष्काळ पडला. 1847 च्या दुरुस्तीने वृद्ध, आजारी आणि दोन किंवा अधिक मुले असलेल्या विधवा यांना वर्कहाउसबाहेर मदत देण्याची मुभा दिली. 'एबल-बॉडीड' ठरलेल्यांना मात्र वर्कहाउसमध्येच जावे लागे. तिथे जागा उरली नाही तरच बाहेर अन्न मिळे. पाव एकराहून अधिक जमीन धरून ठेवणाऱ्याला तर मदतच नाकारली गेली. उपासमारीने खंगलेल्या माणसाला धडधाकट म्हणायचे की नाही, या एका शब्दावर त्याची भाकरी ठरत होती. त्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे मेली आणि तितक्याच माणसांनी देश सोडला.

शब्द माणसाला गिळून टाकतो, याचे दुसरे उदाहरण चार्ल्स बर्न याचे. 1761 साली अल्स्टरमध्ये जन्मलेला हा असाधारण उंचीचा तरुण लंडनमध्ये 'आयरिश जायंट' म्हणून पैसे घेऊन दाखवला गेला आणि 1783 मध्ये मरण पावला. आपला देह शरीरशास्त्रज्ञांच्या हाती पडू नये म्हणून समुद्रात दफन व्हावे, अशी त्याची इच्छा होती. तरीही जॉन हंटर या शल्यविशारदाने तो देह मिळवला आणि सुमारे 7 फूट 7 इंचांचा तो सांगाडा दोन शतकांहून अधिक काळ प्रदर्शनात राहिला. 2023 साली लंडनचे हंटेरियन संग्रहालय पुन्हा उघडले, तेव्हा सांगाडा मांडलेला नव्हता. मात्र संशोधनासाठी तो आजही जपून ठेवलेला आहे.

आपल्या काळात निवाड्याचे काम आकड्यांकडे गेले आहे. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र बेल्जियमच्या अडॉल्फ केटले याने एकोणिसाव्या शतकात मांडले. अँसेल कीज याने 1972 मध्ये त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. 25 च्या पुढे 'ओव्हरवेट', 30 च्या पुढे 'ओबीस'. गंमत अशी की लॅटिन 'ओबेसुस'चा शब्दशः अर्थ 'खाल्ला गेलेला' असाही होतो आणि तो शब्द क्वचित कृश माणसासाठीही वापरला गेला आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ठाऊक असते की एका अटीतील आकडा बदलला की हजारो नोंदींचा प्रकार बदलतो, नोंदी तशाच राहतात. 1998 साली अमेरिकेने 'ओव्हरवेट'ची मर्यादा सुमारे 27 वरून 25 वर आणली, तेव्हा कोट्यवधी माणसे एका ग्रॅमनेही न वाढता 'ओव्हरवेट' झाली.

तरीही आकडे फेकून द्यावेत असे नव्हे. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी नोंदवले की आशियाई लोकांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी निर्देशांकावरही वाढतो. म्हणून त्यांनी 23 आणि 27.5 हे दक्षतेचे जादा टप्पे सुचवले. 24 निर्देशांक असलेला आपला माणूस सर्वसाधारण तक्त्यात 'नॉर्मल' असतो, पण निर्धास्त असतोच असे नाही. इथल्या डॉक्टरांना आपण हे आवर्जून विचारले पाहिजे.

मराठीही या बाबतीत निरागस नाही. 'गुटगुटीत' हे बाळाचे कौतुक, तर 'ढब्बू' ही शाळकरी पोराची थट्टा. 'खात्यापित्या घरचा' ही स्तुती ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भूक सोसली, त्याच्या तोंडी अधिक खोल अर्थाने येते. आजी दूरध्वनीवरून 'वाळलास रे' म्हणते, तेव्हा त्यात काळजी असते. तीच वाक्ये इंग्रजी शाळेत वाढणाऱ्या नातवाला मात्र टोचू शकतात, कारण त्याच्या कानात तिथल्या शब्दांचे निवाडे साठलेले असतात. इंग्रजी 'थिन', आयरिश 'तानी' आणि आपला 'तनु' हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत. त्यातल्या 'तनु'चा अर्थ सडपातळ आणि देह असा दोन्ही होतो.

पाली परंपरेतील दोन नावे इथे आठवतात. 'किसा' म्हणजे कृश. गौतमीला हे नाव तिच्या सडपातळ देहावरून मिळाले, असे अट्ठकथा सांगतात. 'लकुंटक' म्हणजे बुटका. भद्दियाच्या नावाला हे विशेषण कायमचे चिकटले. संयुत्त निकायात भिक्खू त्याला तुच्छ लेखतात, तेव्हा तथागत त्याच्या उंचीचा बचाव करत नाहीत. ते त्याचे सामर्थ्य आणि त्याने गाठलेली साधना दाखवून देतात. नावे बदलली गेली नाहीत. पण आज किसा गौतमी म्हटले की आपल्याला मुठीभर मोहरीसाठी दारोदार फिरणारी आई दिसते. तिच्या अंगकाठीचा विचारही मनात येत नाही.