चिप आधी, भाषा मागून
मेंदूच्या धर्तीवर चिप बनवणे हे अर्धेच काम; तिला काम सांगण्याची रीत घडवणे हे उरलेले आणि बहुधा अधिक अवघड. ही अडचण नवी नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटरला, म्हणजे प्रोसेसरला, स्वतःची मेमरी होती आणि इतरांशी संदेशांतूनच बोलावे लागे. एकामागून एक सूचना पाळणारे जुने प्रोग्रॅम तिथे जसेच्या तसे कामी येईनात. म्हणून यंत्राच्या जोडीला ‘पारस’ ही प्रोग्रॅमिंगची व्यवस्थाही घडवावी लागली. मेंदूसारख्या चिपांचेही तेच झाले. आयबीएमच्या २०१४ मधल्या ‘ट्रूनॉर्थ’ चिपमध्ये दहा लाख कृत्रिम चेतापेशी होत्या, पण त्यांच्यासाठी ‘कोअरलेट’ ही वेगळी भाषा लागली. इंटेलची ‘लोइही’ चिप २०१७ ची, तिच्यासाठीची खुली ‘लाव्हा’ प्रणाली मात्र २०२१ ची.

कोणी म्हणेल, ‘परम’चा हिशेब आकड्यांचा, या चिपांचा कृत्रिम चेतापेशींच्या क्षणिक स्पंदांचा, तुलना कशी? फरक खराच, पण त्याने मुद्दा बळकटच होतो. स्पंद कधी आला हीच जिथे माहिती, तिथे सूचनांची यादी पुरत नाही. माणसाने जाळ्याचे वर्णन करावे, चिपवरची मांडणी प्रणालीने करावी, हा नवा मार्ग म्हणूनच मोलाचा. चिपगणिक भाषा बदलत राहिली, तर हे तंत्र प्रयोगशाळेतच अडकेल.