आज्ञा आणि मजकूर : एका चिन्हभ्रमाचा अलीकडील इतिहास

शब्द वापरणे आणि शब्दाचा निर्देश करणे या दोन भिन्न क्रिया होत. सूत्रातील शब्द आपल्या रूपाचाच बोधक समजावा, शास्त्रीय संज्ञेचा मात्र अपवाद करावा, असा नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात केला आहे. मराठीत परक्याचे बोलणे ‘असे’, ‘म्हणून’ या पदांनी वेगळे राखले जाते. संगणकाच्या ‘सी’ भाषेत हीच मर्यादा ढिली राहिल्याने जो अनर्थ घडला, तो भाषाभ्यासकानेही पाहण्याजोगा आहे.

या भाषेतील ‘प्रिंटएफ’ हे कार्य छापील नमुन्याप्रमाणे चालते. टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे ठराविक रोमन अक्षर आले की तेथे रिकामी जागा आहे असे ते समजते. भरावयाची मूल्ये खरोखर किती दिली आहेत, हे ते तपासत नाही. स्मृतीत पुढे जे सापडेल ते उचलते. परक्याचा मजकूर रिकाम्या जागेत न घालता नमुना म्हणूनच दिला गेला, तर त्यातील चिन्हे आज्ञा ठरतात. ‘एक्स’ अक्षराने स्मृतीतील मजकूर बाहेर पडतो. ‘एन’ त्याहून घातक. तोवर छापलेल्या अक्षरांची संख्या ते स्मृतीत लिहिते. छापणाऱ्या हातास लिहिण्याची मुभा देणे ही सोय नव्हे, उधळेपणा होय.

विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर व त्यांचे सहकारी यांनी युनिक्सच्या कार्यक्रमांवर निरर्थक अक्षरांचा मारा केला, तेव्हा ‘सी शेल’ याच कारणाने कोसळला. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. परंतु त्या दोषात शस्त्र दडले आहे हे ध्यानी येण्यास जवळजवळ एक दशक जावे लागले. सप्टेंबर १९९९ मध्ये ‘प्रोएफटीपीडी’ या सेवेतील असा दोष उघड झाला. जून २००० मध्ये ‘डब्ल्यूयू-एफटीपीडी’ची पाळी आली, आणि दूरस्थ मनुष्य त्या यंत्राचा पूर्ण ताबा घेऊ शकतो हे सिद्ध झाले. जानेवारी २००१ मधील ‘रामेन’ कृमी याच मार्गाने यंत्रांतून यंत्रांत पसरला.

त्याच वर्षीच्या युसेनिक्स सुरक्षा परिषदेत दोन उपाय मांडले गेले. ‘फॉर्मॅटगार्ड’ने दिलेली मूल्ये मोजून ती नमुन्यातील मागणीशी ताडली, दुसऱ्या पद्धतीने बाहेरून आलेल्या मजकुरास ‘दूषित’ अशी खूण करून तो नमुन्याच्या जागी पोचतो काय, हे कार्यक्रम चालविण्यापूर्वीच तपासले. दुसरी पद्धत अधिक मूलगामी, कारण ती चिन्हाकडे न पाहता त्याच्या उगमाकडे पाहते.

जाळ्यावर पहारा ठेवून हल्ला ओळखणे मात्र कठीण. टक्का व अक्षर दिसताच धोका मानावा, हा नियम मराठीपुढे टिकत नाही. ‘भंडारा’ हे नाव जालपत्त्यात लिहिले की यूटीएफ-८ संकेतानुसार त्याच्या ६ चिन्हांचे १८ टक्के होतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची पहिली जोडी ‘ई’ने व दुसरी ‘ए’ने सुरू होते, आणि ही दोन्ही मोठी अक्षरे ‘प्रिंटएफ’च्या आज्ञाच आहेत! असा पहारेकरी जिल्ह्याच्या नावालाच चोर ठरवील. म्हणून संकेत आधी उलगडून मग पाहावे लागते; तेही सेवा स्वतः जितक्या वेळा उलगडते तितक्याच वेळा. कमी उलगडल्यास दुहेरी वेषातील ‘एन’ निसटतो, अधिक उलगडल्यास निरपराध मजकूर अडकतो. अतिशय मोठ्या रुंदीचे आकडे आणि त्यांमागून येणारा ‘एन’ ही त्यांतल्या त्यांत विश्वसनीय खूण.

दोष जुना झाला, नामशेष नाही. २०२१ साली केवळ टक्क्यांनी भरलेल्या नावाच्या वाय-फाय जाळ्यास जोडल्याने आयफोनची वाय-फाय यंत्रणाच बंद पडत असे.